कांचेच्या पेटींतील पाणी आणि त्याची गाळणी

हल्लीं मध्यम स्थितींतल्या सुशिक्षित घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची एखादी पेटी आणि तींत दोन-चार रंगीत मासे दिसणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. पुण्या-मुंबईचें सोडाच, पण आमच्या भिगवणसारख्या, पुणें-सोलापूर रस्त्यावरील बाजारगांवींही ही हौस येऊन पोंचली आहे. मुलांचा हट्ट, पाहुण्यांचें कौतुक, घरांतील वृद्धांस दुपारचा विरंगुळा अशीं तिचीं अनेक कारणें असतात, आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु या हौसेचा शेवट बहुतेक घरीं एकाच प्रकारें होतो, हें आम्हीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पहिल्या आठवड्यांत पाणी आरशासारखें असतें. दुसऱ्या आठवड्यांत तें दुधाळ होतें. तिसऱ्या आठवड्यांत मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडांची उघडझांप करूं लागतात. आणि मग एके दिवशीं पहाटे, घरांतील लहान मूल उठण्याच्या आधीं, कोणी वडील माणूस मेलेला मासा गुपचूप परसांत पुरून येतें. यांत दोष माशाचा नसतो, मुलाचा तर नसतोच. पेटी, मासे, रंगीत खडे, प्लॅस्टिकचा किल्ला या सर्वांस पैसे मोजले जातात, आणि पाणी राखणाऱ्या गाळणीचा विचार उरल्यासुरल्या पैशांत होतो. आधीं कळस मग पाया, असाच हा प्रकार होय.

गाळणी, म्हणजे दुकानदार ज्याला फिल्टर म्हणतात तें यंत्र, केवढी असावी हें नुसत्या पेटीच्या मापावर ठरत नाहीं. पेटींत कोण राहतें यावर ठरतें. गप्पी, टेट्रा असे बोटभर मासे थोडें खातात व थोडेंच पाणी बिघडवितात. त्यांच्यासाठीं सामान्य गाळणी पुरते. परंतु आपल्या घरांतून हौसेनें आणले जातात ते मासे बहुधा दुसऱ्या जातीचे, म्हणजे स्वभावानेंच गबाळे असतात. गोल्डफिश अर्थात् सोनमासा हा त्यांतला अग्रणी. चीन देशांत सुमारें हजार वर्षांपूर्वीं एका साध्या कार्पवर्गीय माशापासून निवडून निवडून हा निर्माण केला गेला. त्याला जठर म्हणून वेगळा अवयवच नाहीं; अन्न तोंडांतून आंतड्यांत जातें आणि लवकरच बाहेर पडतें. त्यामुळें तो सदा भुकेला असतो, दिवसभर तळाचे खडे तोंडांत घेऊन चघळतो व थुंकतो, आणि दिवसभर पाणी घाण करीत राहतो. दुसरा ऑस्कर. हा दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉनच्या खोऱ्यांतला. दुकानांत दोन इंचांचा दिसतो आणि नीट पोसला तर फूटभर होतो. अन्न चावतांना त्याचा चुरा कल्ल्यांतून बाहेर उडवितो. तिसरा फ्लॉवरहॉर्न, कपाळावर मोठें टेंगूळ असलेला, कांहीं लोक ज्याला भाग्याचा मासा समजून घरीं आणतात तो. भाग्याचें आम्ही जाणत नाहीं. खादाडपणाचें मात्र जाणतों. चौथा सकर. त्याच्यासंबंधानें पुढें स्वतंत्रपणें लिहावयाचें आहे.

माशाच्या जातीप्रमाणें त्याचा आहार व वर्तन बदलतें, हें आपल्याकडे जुन्या काळींही लोकांनीं बारकाईनें पाहिलें होतें. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावर जो ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथ आहे, त्यांत मत्स्यविनोद म्हणून एक भाग असून त्यांत माशांच्या जाती व त्यांना घालावयाचीं खाद्यें यांचा विचार केलेला आढळतो. हेतु अर्थात् मासे गळाला लावण्याचा होता, पाळण्याचा नव्हे. पण निरीक्षण तें निरीक्षण.

आतां मासा पाणी बिघडवितो म्हणजे नेमकें काय करतो तें पाहूं. डोळ्यांना दिसते ती विष्ठा आणि उरलेलें अन्न. ही घाण ओंगळ खरी, परंतु माशाला मारते ती मुख्यतः ही नव्हे. मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांतून तो अहोरात्र अमोनिया नांवाचें द्रव्य पाण्यांत सोडीत असतो. न झांकलेल्या मोरीला किंवा गोठ्याच्या कोपऱ्याला जो डोळ्यांत पाणी आणणारा दर्प येतो, तो याच द्रव्याचा. नदींत किंवा तळ्यांत तें क्षणांत पांगून जातें. कांचेच्या पेटींत त्याला जावयास जागा नसते. तें मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्यांतच सांचत राहतें आणि त्याचे कल्ले जाळतें. हें द्रव्य रंगहीन आहे. म्हणून पाणी निर्मळ दिसत असतांनाही तें विषारी असूं शकतें, आणि या एका गोष्टीचा उमज न पडल्यानें जितके मासे मेले असतील तितके उपाशी राहून मेले नसतील.

आमच्या लहानपणीं घराघरांतून गढूळ पाणी निवळण्यास निवळीची बी घागरीच्या आंतल्या अंगास घांसत असत. संस्कृतांत हिला कतक म्हणतात, आणि मनुस्मृतींत तिचा दृष्टान्त आलेला आहे. ही बी मातीचे सूक्ष्म कण एकत्र आणून तळाशीं बसविते, हें खरें. परंतु पाण्यांत विरघळलेल्या अमोनियास ती कांहीं करूं शकत नाहीं. बाजारांत पाणी ‘स्वच्छ’ करणारीं जीं निळीं-हिरवीं औषधें मिळतात त्यांपैकीं बरींचशीं याच जातीचीं होत. तीं पाणी निवळतात. शुद्ध करीत नाहींत. निवळणें व शुद्ध होणें या दोन क्रिया निराळ्या आहेत, एवढें ध्यानांत आलें म्हणजे गाळणीची निवड अर्धी झाली.

शुद्ध करण्याचें काम यंत्र करीतच नाहीं. तें काम सूक्ष्म जंतु करतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, कांहीं जंतु अमोनियावरच आपली उपजीविका करतात; कांहीं त्याचें नायट्राइट बनवितात व दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट बनवितात. नायट्राइट हें देखील माशांस घातक आहे, पण नायट्रेट पुष्कळच निरुपद्रवी. पेटींतील नायट्राइटचा समाचार घेणारे जंतु कोणते, याविषयीं दीर्घकाळ एक समजूत प्रचलित होती. ती १९९८ सालीं अमेरिकेंत झालेल्या संशोधनानें बदलली आणि नायट्रोस्पायरा नांवाच्या जंतूंकडे तें श्रेय गेलें. पुढें २०१५ सालीं तर याच कुळांतील कांहीं जंतु दोन्ही कामें एकट्यानें करतात असें आढळलें, आणि त्यांचा एक नमुना मत्स्यसंवर्धनाच्या गाळणींतूनच मिळालेला होता. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. स्पंजाच्या छिद्रांत, खड्यांच्या पाठीवर, जेथें प्राणवायुयुक्त पाणी सतत वाहतें तेथें ते चिकटून वाढतात. म्हणून चांगली गाळणी म्हणजे दुसरें कांहीं नसून या जंतूंना राहण्यास भरपूर जागा आणि त्यांच्या दारावरून अखंड वाहणारें पाणी.

आमच्या गांवच्या लोकांस हें समजाविण्यास रोहित पक्ष्यांचें उदाहरण सोयीचें पडतें. हिवाळ्यांत उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगांव व डिकसळच्या उथळ पाण्यांत, हे गुलाबी पाहुणे येतात व त्यांना पाहण्यास लांबलांबून मंडळी लोटतात. रोहित आपली चोंच उलटी करून पाण्यांत बुडवितो, जिभेनें पाणी आंतबाहेर ढकलतो, आणि चोंचीच्या कडेस असलेल्या कंगव्यासारख्या दांत्यांत बारीक किडे अडकवून घेतो. निसर्गाची ही फार सुंदर गाळणी आहे; पण ती केवळ अडकविणारी गाळणी आहे. रोहित पाण्यांतला किडा काढतो, विरघळलेलें काढीत नाहीं. बाजारांत दोन-अडीचशें रुपयांस मिळणारी पांढऱ्या लोकरीची चिमुकली गाळणी ही अशीच रोहिताच्या चोंचीसारखी. ती घाण पकडते, आणि पकडलेली घाण त्याच पाण्यांत कुजत ठेवते. गबाळ्या माशांस दोन्ही कामें करणारी गाळणी हवी: आधीं जाड स्पंज, जो घाण अडकवील व सहज धुतां येईल, त्याच्या पुढें जंतूंचें घर, जें शक्यतों कधींच धुवावें लागणार नाहीं.

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या कोणाही गृहिणीस तें जमेल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी घ्या. तिचें घनफळ पावणेसात घनफूट. एका घनफुटांत सुमारें २८.३ लिटर पाणी मावतें, म्हणजे पेटींत सुमारें १९१ लिटर. तळचे खडे व वरची मोकळी जागा वजा जातां १७० धरूं. (जातां जातां सांगतों: ही भरलेली पेटी दोनशें किलोंहून जड होते, ती जुन्या लाकडी मेजावर किंवा कपाटावर ठेवूं नये.) तींत प्रौढ असे चार सोनमासे आहेत आणि त्यांना रोज मिळून चार ग्रॅम खाद्य पडतें. खाद्यांत प्रथिनें शेंकडा ४० असतील, तर मत्स्यसंवर्धनांतील रूढ हिशेबाप्रमाणें त्यापासून रोज सुमारें ०.१५ ग्रॅम अमोनियारूप नत्र पाण्यांत येतें. १७० लिटरांत वांटल्यास लिटरामागें सुमारें ०.९ मिलिग्रॅम झालें. गाळणी नसेल तर रोज एवढी भर. आतां तोच एक मासा पंधरा लिटरांच्या गोल कांचभांड्यांत ठेवा: रोज लिटरामागें अडीच मिलिग्रॅम! त्या भांड्यांतील मासा तीन आठवडे जगतो हीच आश्चर्याची गोष्ट होय.

त्यांतही पाण्याचा गुण पाहिला पाहिजे. अमोनियाचा फार थोडा भाग तीव्र विषारी रूपांत असतो आणि हा भाग पाणी जितकें क्षारधर्मी तितका वाढतो. पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यांत सामू ७ असेल तर शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक, आणि सामू ८ असेल तर शेंकडा पांचांहून अधिक. म्हणजे जवळजवळ नऊ पट. आमच्याकडील काळ्या जमिनींतील विहिरींचें व बोअरचें पाणी जड व क्षारयुक्त असतें, डाळ शिजतां शिजत नाहीं हा अनुभव घरोघरचा आहे. तेव्हां कोंकणांतल्या मऊ पाण्यांत जो मासा तग धरील, तोच आमच्या पाण्यांत तितक्याच अमोनियानें मरेल. जड पाण्याचा एक फायदाही आहे: जंतूंना आपल्या कामांत क्षार खर्ची घालावे लागतात आणि जड पाण्यांत ते लवकर संपत नाहींत.

उष्णतेचा प्रश्न याहून बिकट. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिसाच्या आसपास जातो. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरामागें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यांत फार तर साडेसात. वरच्या उदाहरणांतील जंतूंना रोजचें ०.१५ ग्रॅम नत्र पचविण्यास सुमारें ०.७ ग्रॅम प्राणवायु लागतो. आणि उन्हाळ्यांत सबंध पेटींतला प्राणवायूचा सांठाच सव्वा ग्रॅम! माशांचा श्वास निराळाच. यावरून पाणी वरून पडतें, खळखळतें ठेवणें हा शोभेचा भाग नव्हे हें उघड आहे.

गाळणीच्या पेटीवर ‘तासाला इतके लिटर’ असा आंकडा छापलेला असतो. सामान्य माशांसाठीं पेटींतील पाण्याच्या चार-पांच पट आंकडा पुरे म्हणतात. गबाळ्या माशांसाठीं आठ ते दहा पट धरावा. आपल्या १७० लिटरांच्या पेटीस म्हणजे तासाला चौदाशें ते सतराशें. परंतु छापील आंकडा रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज भरला, पाणी वर चढवावें लागलें, थोडी घाण सांचली कीं तो निम्म्यावर येतो. हातीं खरे सतराशें हवे असतील तर छापील आंकडा याहून पुष्कळ मोठा पाहून घ्यावा. आणि एका मोठ्या गाळणीपेक्षां दोन मध्यम गाळण्या बऱ्या: एक बंद पडली तर दुसरी चालते, आणि दोन्ही एकाच दिवशीं न धुतां आळीपाळीनें धुतां येतात. मात्र प्रवाह वाढविला म्हणजे काम झालें असेंही नव्हे. छोट्या पेटींत जोराचा पंप लावला तर बिचारा गोल पोटाचा, लांब शेपटीचा सोनमासा दिवसभर पुरांत सांपडल्यासारखा हेलपाटतो. पंपाच्या तोंडाशीं फवाऱ्याची नळी लावून प्रवाह फोडावा.

आतां प्रकार. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर स्वस्त, विश्वासाचा, आणि लहान माशांस उत्तम. गबाळ्या माशांस तो एकटा पुरत नाहीं, पण जोडीला ठेवण्यास त्यासारखा सोबती नाहीं. खड्यांखालीं जाळी घालून पाणी खडयांतून ओढणारा प्रकार पूर्वीं फार चाले. सोनमासा ते खडे उकरतो आणि सगळी घाण तळाशीं दडून राहते, म्हणून तो आम्हांस पसंत नाहीं. पेटीच्या आंत बुडवून ठेवावयाचे काळे फिल्टर दिसण्यांत सुटसुटीत, परंतु त्यांच्यांतील स्पंज हाताच्या मुठीएवढा. चार सोनमाशांची घाण तो दोन दिवसांत तुंबवितो. पेटीखालीं ठेवावयाचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर गुणानें उत्तम. किंमत मात्र पुष्कळदां पेटीहूनही अधिक, म्हणजे नाकापेक्षां मोती जड. आणि खेड्यांत त्याचा एक मोठा दोष आहे तो असा.

आमच्याकडे वीज जाते. भारनियमन असो कीं वळवाचा पाऊस असो, ती केव्हां जाईल व केव्हां येईल याचा नेम नसतो. बंद डब्यांत पाणी थांबलें कीं आंतील जंतु उरलेला प्राणवायु थोड्या वेळांत संपवून टाकतात व मग गुदमरूं लागतात. चार-सहा तासांनीं वीज आली कीं तोच डबा आंतलें नासलेलें पाणी पेटींत सोडतो. ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनीं बराच वेळ वीज गेलेली असल्यास डबा उघडून आंतलें पाणी ओतून टाकल्यावांचून तो पुन्हा चालू करूं नये. उलट पेटीच्या डोक्यावर पन्हळीसारखी बसणारी ‘टॉप फिल्टर’ नांवाची गाळणी पाहा. पंप पाणी वर चढवितो, तें पन्हळींतील स्पंज व खड्यांतून झिरपतें आणि पुन्हा पेटींत पडतें. वीज गेली तरी पन्हळींतील सामान ओलें व उघड्या हवेंत राहतें, म्हणून जंतु तास न् तास जिवंत राहतात. पाणी पडतांना हवाही मिसळते. झांकण उचललें कीं वरचा स्पंज दिसतो, म्हणून धुण्याचा कंटाळा येत नाहीं. दिसण्यांत ती ओबडधोबड आहे, दिवाणखान्याच्या शोभेंत थोडें उणें येतें. परंतु भिगवणसारख्या गांवीं, गबाळ्या माशांसाठीं, आम्ही कोणासही प्रथम हीच सुचवूं; जोडीला एक स्पंज फिल्टर, आणि वीज जातांच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप. हवापंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा किंवा नळींत उलट न येऊं देणारी झडप बसवावी, नाहींतर वीज गेल्यावर पाणी नळींतून उलट वाहत येऊन पंपांत शिरतें. तसेंच विजेच्या तारेला खोक्यापूर्वीं खालीं झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब खोक्यांत न जातां जमिनीवर पडेल. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें तर हें विसरूं नये.

टॉप फिल्टरची पन्हळ रिकामीच मिळते म्हणा ना, आंतील पांढरी लोकर कांहीं कामाची नव्हे. तळाशीं जंतूंसाठीं दुकानांत मिळणाऱ्या मातीच्या सच्छिद्र कड्या भराव्या. त्या महाग वाटल्यास भांडीं घांसण्याच्या प्लॅस्टिकच्या कोऱ्या घांसण्या भराव्या. साबण लागलेल्या नकोत, तारेच्या नकोत. त्यांवर जाड स्पंज, आणि सर्वांत वर पातळ लोकरीचा थर, जो दर आठवड्यास बदलला तरी चालेल.

धुण्याच्या बाबतींत आमच्या घरांतील स्वच्छतेची आवडच आड येते. सासूबाई किंवा वहिनी कंबर कसून रविवारीं सगळी गाळणी काढतात, नळाखालीं खसखसून धुतात, कड्या उन्हांत वाळवितात आणि पाणीही सगळें नवें भरतात. पेटी अशी लखलखते कीं पाहात राहावें; आणि बुधवारीं मासे मरतात. कारण ग्रामपंचायतीच्या पाण्यांत टीसीएल पावडर असते, आणि जें माणसाच्या पोटांतील रोगजंतु मारतें तें गाळणींतील उपयुक्त जंतूंनाही सोडीत नाहीं. स्पंज धुवावा, पण पेटींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत पिळून धुवावा. कड्यांना हात लावूं नये. अगदींच तुंबल्या तर त्याच पाण्यांत एकदां बुचकळाव्या. नवें पाणी भरण्यापूर्वीं तें उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें म्हणजे टीसीएलचा क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास अँटी-क्लोरीनचे थेंब घालावे, जें मूळचें छायाचित्रकारांचें हायपो होय.

आणखी एक गोष्ट अधीर माणसांस सांगणें अवश्य आहे. नवी गाळणी आणली त्या दिवशीं ती केवळ एक रिकामें घर असते. जंतूंची वस्ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणि मासे एकाच दिवशीं घरीं आणणारा गृहस्थ या आठवड्यांचें भाडें माशांच्या प्राणांनीं भरतो. ओळखीच्या घरीं जुनी निरोगी पेटी असेल तर तिच्या स्पंजाचा एक तुकडा मागून आणून आपल्या गाळणींत ठेवावा. विरजण लावण्यासारखेंच हें आहे. मग एक मासा आणावा, अर्धपोटीं ठेवावा, अमोनिया तपासण्याच्या थेंबांनीं पाणी पाहावें, आणि मगच दुसरा.

इतकें करूनही पाणी बदलण्यांतून सुटका नाहीं. गाळणी अमोनियाचें नायट्रेट करते. नायट्रेट पेटींतच राहतें. वरच्या चार सोनमाशांच्या पेटींत तें आठवड्याला लिटरामागें सुमारें २७ मिलिग्रॅम वाढतें. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलत गेल्यास कांहीं महिन्यांनीं तें शंभराच्या वर जाऊन स्थिरावतें. निम्में बदलल्यास पन्नाशीच्या आसपास थांबतें. गबाळ्या माशांस निम्मेंच बदलावें. हें पाणी झाडांना उत्तम खत होतें. तुळशीवृंदावनास तें घालावें कीं नाहीं याचा निर्णय घरांतील वडीलधाऱ्यांनीं करावा. केळीला व अळवाला घालण्यास कोणाची हरकत नसावी.

१८५० सालीं रॉबर्ट वॅरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञानें दोन सोनमासे, एक पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगायी यांची पेटी राखून दाखविली, आणि तेव्हांपासून ‘समतोल पेटी’ची कल्पना लोकप्रिय झाली. वनस्पति अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात हें खरेंच. पण थोडे मासे व पुष्कळ पाला हें त्या समतोलाचें रहस्य. आणि आपल्या पेटींतला सोनमासा तर तो पाला दोन दिवसांत खाऊन फस्त करतो. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडल्यापासून आपल्याकडील पिढ्यांना मोठ्या कांचेआड मासे पाहण्याची गोडी लागली. पाहणाऱ्यास कांचेची पुढची बाजू दिसते, मागच्या बाजूचे पंप आणि गाळण्या दिसत नाहींत. घरच्या पेटीविषयींची पुष्कळशी भ्रामक समजूत यांतूनच निघाली असावी.

आतां सकर. चपटा, खरखरीत, काळसर ठिपक्यांचा हा मासा तोंडानें कांचेला चिकटून बसतो. ‘हा एक टाकला कीं पेटी आपोआप साफ राहते’ असें सांगून तो विकला जातो, आणि गाळणीचे पैसे वांचले म्हणून गिऱ्हाईक खूष होतें. सकर कांचेवरचें थोडें शेवाळ खातो, हें खरें. पण माशाच्या विष्ठेचा त्याला कांहीं उपयोग नाहीं. उलट इतर कोणाहीपेक्षां लांबलचक विष्ठा तो स्वतःच करतो. गाळणीऐवजीं सकर आणणें म्हणजे झाडूवाल्याऐवजीं आणखी एक बिऱ्हाडकरू ठेवणें. शिवाय बोटभर आणलेला हा मासा फूट-दीड फूट वाढतो व वर्षानुवर्षें जगतो. मग तो पेटींत मावेनासा होतो, मारवत नाहीं, आणि घरांतील दयाळू माणसें ‘बिचाऱ्याला मोकळें पाणी मिळूं दे’ म्हणून त्याला जवळच्या नदींत नेऊन सोडतात.

जवळची नदी म्हणजे आमची भीमा. १९८० सालीं पूर्ण झालेलें उजनीचें धरण सोलापूर जिल्ह्यांत, आणि त्याचा फुगवटा आमच्या इंदापूर तालुक्यापर्यंत. सुमारें ११७ टीएमसीच्या या जलाशयांत पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेच्या मार्गानें येऊन मिळतें. तेव्हां विचार केल्यास उजनी ही देखील गाळणी अपुरी असलेली एक अवाढव्य पेटीच आहे. शेवाळ माजतें, उन्हाळ्यांत पाणी हिरवें होतें, आणि अशा पाण्यांत तग धरणारे मासेच टिकतात. आमच्या भिगवणच्या मासळी बाजारांत चिलापीचे ढीग दिसतात, त्याचें कारण यांतच आहे. ही चिलापीही परदेशची. तिच्यापैकीं मोझांबिक जातीचा मासा १९५२ सालीं हेतुपूर्वक भारतांत आणला गेला. ती निदान विकली जाते आणि कोळ्याच्या घरीं चूल पेटविते.

सकरचें तसें नाहीं. तो मूळ दक्षिण अमेरिकेचा. शोभेच्या माशांच्या व्यापारावांचून त्याला भीमेंत येण्यास वाट नव्हती. अलीकडील वर्षांत तो उजनीच्या जाळ्यांत सांपडूं लागला आहे. त्याच्या अंगावर हाडांचें चिलखत आणि परांना राठ कांटे. जाळें वर ओढलें कीं हे कांटे सुतांत अडकतात आणि सोडवितां सोडवितां जाळें फाटतें. बाजारांत त्याला कोणी विचारीत नाहीं. तो कांठच्या मातींत बिळें करतो, इतर माशांचें खाद्य खातो. ज्याचें पोट दररोजच्या जाळ्यावर आहे त्याच्या दृष्टीनें प्रत्येक सकर म्हणजे दुहेरी तोटा: एक जागा अडली आणि एक भोक पडलें. आणि पुण्याच्या किंवा बारामतीच्या एखाद्या सुखवस्तु घरांतील माणसास, ज्यानें केवळ दयेनें आपला मासा पाण्यांत सोडला, या जाळ्याची वार्ताही नसते.

म्हणून आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, गाळणीच्या जागीं सकर आणूं नये. आधींच आणलेला असेल व मोठा झाला असेल तर तो दुकानदारास परत द्यावा. पुष्कळ दुकानदार मोठा मासा विनामूल्य ठेवून घेतात. कोणी घेत नसल्यास मोठी टांकी असलेल्या शाळेस किंवा हौशी गृहस्थास विचारावें. विहिरींत, कालव्यांत, देवळाच्या कुंडांत किंवा उजनींत तो सोडूं नये, आणि पेटी मोडतांना तिचें पाणीही ओढ्यांत ओतूं नये; परसांतील जमिनींत जिरवावें, कारण त्यांत गोगलगायींचीं व माशांचीं अंडीं असूं शकतात.